प्रश्नावली करताय? आधी मोजपट्टी ठरवा

फील्डवाली

फेब्रुवारी-मार्च आला की व्हॉट्सॲपच्या प्रत्येक ग्रुपवर गूगल फॉर्म यायला लागतात. 'प्लीज दोन मिनिटं द्या, प्रोजेक्ट सबमिट करायचाय.' कुणाचं बीएमएसचं ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा अहवाल) असतं, कुणाचा एमबीएचा प्रोजेक्ट, तर कुणी नवा धंदा सुरू करण्याआधी अंदाज घेत असतं. मी बाजार संशोधनात काम करते, त्यामुळे असे फॉर्म मी शेवटपर्यंत भरते आणि भरता भरता नीट वाचतेही. परवा आलेल्या एका फॉर्ममधले तीन प्रश्न देते.

'तुमच्या बँकेचे ॲप जलद आणि सुरक्षित आहे : पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत.'

'वय : १८–२५, २५–३५, ३५–४५.'

'दर्जेदार सेवेसाठी थोडे जास्त शुल्क द्यायला तुमची हरकत नसेल ना?'

पहिल्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. ॲप झटपट चालतं, पण शेजाऱ्यांचे पैसे गेल्यापासून वापरायची भीती वाटते, अशा माणसाने टिक कुठे करायची? तो बहुतेक मधल्या रकान्यावर टिक करतो आणि अहवालात 'तटस्थ' म्हणून मोजला जातो. तटस्थ तर तो मुळीच नाही, एकाच वेळी खूश आणि घाबरलेला आहे. दुसऱ्यात पंचविशीतला माणूस दोन खणांत बसतो आणि पंचेचाळिशीपुढचा कुठेच बसत नाही. तिसऱ्यात तर उत्तर प्रश्नातच दिलंय.

पण मला खरी काळजी वाटते ती पुढच्या टप्प्याची. हे सगळे आकडे एक्सेलमध्ये जातात आणि निष्कर्षात 'सरासरी समाधान ३.८७' असं छापून येतं. दोन दशांश स्थळं पाहिली की वाचणाऱ्याला वाटतं, बारकाईने मोजलेलं दिसतंय. तोच आकडा पुढे एखाद्या मिटिंगमध्ये स्क्रीनवर येतो आणि त्यावरून शाखा बंद होते, किंमत वाढते, कुणाचा इन्सेंटिव्ह कापला जातो. म्हणून हा धागा.

सुरुवात मोजपट्टीपासून करायला हवी. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ स्टॅनली स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मोजमापाचे चार प्रकार मांडले आणि आजवर बहुतेक पाठ्यपुस्तकांत तेच आहेत. पहिला नॉमिनल. इथे आकडा म्हणजे नुसती ओळखपट्टी. पुण्याचा पिन ४११ ने आणि नागपूरचा ४४० ने सुरू होतो, म्हणून नागपूर काही 'जास्त' ठरत नाही. दुसरा ऑर्डिनल. यात पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम कळतो, पण पहिल्या-दुसऱ्यात किती फरक आणि दुसऱ्या-तिसऱ्यात किती, हे कळत नाही. तिसरा इंटरव्हल. यात अंतरं सारखी असतात, पण शून्य सोयीसाठी मानलेलं असतं. ४० अंश सेल्सिअस हे २० अंशांच्या दुप्पट गरम नाही. चौथा रेशो. यात शून्य म्हणजे खरोखर काहीच नाही, त्यामुळे दुप्पट-तिप्पट म्हणता येतं. लिटर, रुपये, किलोमीटर हे सगळे यात आले.

दुधाचं उदाहरण घेऊ. संकलन केंद्रावर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लागली, तर ती मोजणी रेशोची. तिची सरासरी काढा, गुणाकार करा, त्यावर भाव ठरवा, काही बिघडत नाही. त्याच केंद्राबद्दल शेतकऱ्याला 'तुम्ही किती समाधानी आहात, १ ते ५?' असं विचारलं तर जो ४ मिळतो, तो फॅटच्या आकड्यासारखा दिसतो पण त्याच्या जातीचा नाही. '३' वरून '४' वर यायला आणि '४' वरून '५' वर जायला त्याच्या मनात सारखंच अंतर आहे, असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही. ते गृहीतक आपलं असतं.

आता लिकर्ट. नाव सगळ्यांना माहीत असतं, त्यांनी नेमकं काय केलं ते फार थोड्यांना. त्यांच्या आधी शिकागोच्या लुई थर्स्टन यांनी १९२८ मध्ये 'वृत्ती (एखाद्या गोष्टीबद्दलचा मनाचा कल) मोजता येते' असं ठामपणे मांडलं होतं. त्यांची पद्धत वेळखाऊ होती : शेकडो विधानं जमवायची, ती परीक्षकांकडून अनुकूल ते प्रतिकूल अशा अकरा ढिगांत लावून घ्यायची आणि त्यावरून प्रत्येक विधानाचं वजन ठरवायचं. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये, कोलंबिया विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात, परीक्षकांचा टप्पाच काढून टाकला. लोकांनाच प्रत्येक विधानावर पाच पायऱ्यांत मत द्यायला सांगितलं आणि बेरीज केली. बेरजेने काम तितकंच भरवशाचं होतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

यातली बेरीज महत्त्वाची आहे. लिकर्ट स्केल म्हणजे एकाच वृत्तीच्या वेगवेगळ्या बाजू धरणाऱ्या अनेक विधानांची एकत्रित मोजणी. एकटं एक विधान आणि त्याखाली पाच गोळे, हा फक्त लिकर्ट पद्धतीचा एक प्रश्न झाला. केंद्रावरचा विश्वास मोजायचा असेल तर मी 'इथे माझ्या दुधाची फॅट बरोबर लागते', 'फॅट कमी लागली तर कारण विचारता येतं', 'बिल ठरल्या दिवशी मिळतं' अशी विधानं घेईन. त्यातच 'दुसरीकडे दूध घालावं असं मला अधूनमधून वाटतं' असं एक उलटंही टाकेन आणि त्याचे गुण उलटे मोजेन. उलटं विधान नसेल तर नुसतं 'हो हो' म्हणत जाणारा माणूस कळतच नाही.

आणि आपल्याकडे 'हो हो' म्हणणारे खूप. अंगणात आलेल्या माणसाला चहा देणारं घर त्याच्या तोंडावर 'तुमची सेवा वाईट आहे' कसं म्हणेल? संगमनेर भागात दूध उत्पादकांच्या एका पाहणीत बायकांची उत्तरं एकजात 'चांगलंच आहे की' अशी यायची. मग आम्ही पाच गोळे बाजूला ठेवले. फॅटचा भाव, वेळेवर बिल, उधारीवर पशुखाद्य, वेळेला येणारा डॉक्टर अशी चार चित्रांची कार्डं मांडली, मक्याचे दहा दाणे हातात दिले आणि म्हटलं, 'तुमच्यासाठी जे जास्त महत्त्वाचं, त्यावर जास्त दाणे ठेवा.' एकीने सहा दाणे डॉक्टरवर ठेवले, भावाच्या कार्डावर एक ठेवून परत उचलला, आणि तिथून पुढे गाय व्यायली त्या रात्रीची सगळी हकिगत निघाली. दाणे दहाच असल्यामुळे सगळ्यालाच 'छान' म्हणता येत नाही, कुठेतरी हात आखडावा लागतो. पुस्तकात याला कॉन्स्टंट सम स्केल म्हणतात.

इथे संशोधनातले, विक्रीतले, शिकवणारे बरेच जण आहेत. तुम्हाला प्रश्नावलीत काय खटकतं, काय उपयोगी पडतं, लिहा.

गणिताची_वही

उत्तम धागा. एका मुद्द्यावर मात्र थोडं वेगळं म्हणायचंय. 'ऑर्डिनलची सरासरी काढायचीच नाही' असा सोवळेपणा अनेक मार्गदर्शक पाळतात, पण खुद्द स्टीव्हन्सनी त्याच १९४६ च्या लेखात म्हटलंय की काटेकोरपणे पाहिलं तर हे नियमाबाहेरचं आहे, तरी अनेकदा त्यातून उपयोगी निष्कर्ष निघतात, म्हणून व्यवहारात त्याला एक प्रकारची मान्यता आहे. दहा-बारा विधानांची बेरीज केली की तिचं वितरण बऱ्यापैकी नीट येतं, त्यावर सरासरी आणि टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक खरा आहे का, हे पाहणारी चाचणी) चालवली तर आभाळ कोसळत नाही.

माझा आक्षेप एकट्या प्रश्नाच्या सरासरीवर आहे. समजा दोन शाखा आहेत. एकीत शंभरच्या शंभर ग्राहकांनी ३ दिले. दुसरीत पन्नास जणांनी १ आणि पन्नास जणांनी ५ दिले. सरासरी दोन्हीकडे ३. पहिल्या शाखेत कुणाला फारसं काही वाटत नाही, दुसरीत निम्मे लोक खातं बंद करायच्या बेतात आहेत. म्हणून माझा आग्रह असतो की प्रत्येक पर्यायावर किती टक्के, हा तक्ता आधी द्या. मध्यक (उत्तरं क्रमाने लावली की मधोमध येणारा आकडा) द्या. सरासरी द्यायचीच तर तिच्या शेजारी विचलन (उत्तरं सरासरीपासून किती पसरली आहेत ते) हवंच.

टीवाय_बीएमएस

ताई, मीच तो फॉर्म पाठवणारा वर्ग! माझा विषय 'क्विक कॉमर्सकडे पाहण्याचा तरुण ग्राहकांचा दृष्टिकोन' आहे. गाइड सरांनी सांगितलंय : पाच पायऱ्यांचं स्केल, १०० नमुना आणि क्रॉनबाख अल्फा ०.७ च्या वर. माझा अल्फा ०.९१ आलाय. म्हणजे माझी प्रश्नावली चांगली आहे ना?

फील्डवाली

तुझी विधानं टाक ना इथे, म्हणजे नीट सांगता येईल.

टीवाय_बीएमएस

१. क्विक कॉमर्समुळे माझा वेळ वाचतो.
२. क्विक कॉमर्स वेळेची बचत करते.
३. दहा मिनिटांत डिलिव्हरी मिळाल्याने वेळ वाया जात नाही.
४. क्विक कॉमर्स माझ्यासाठी सोयीचे आहे.
५. क्विक कॉमर्सचे दर वाजवी आहेत.

गणिताची_वही

अल्फा एवढा का आला ते इथेच दिसतंय. पहिली तीन विधानं म्हणजे एकच वाक्य तीन वेळा आहे. ज्याने पहिल्याला ४ दिले तो दुसऱ्या-तिसऱ्यालाही ४ देणार. ली क्रॉनबाख यांनी १९५१ मध्ये मांडलेला अल्फा एवढंच सांगतो की विधानं एकमेकांशी किती जुळून चालतात. विधानांची संख्या वाढवली तरी तो वाढतो. तुम्हाला जे मोजायचं होतं तेच मोजलं का, याबद्दल तो काहीच सांगत नाही. भरवसा आणि वैधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वजनकाटा रोज दोन किलो जास्त दाखवत असेल तर तो भरवशाचा आहे, पण चूक आहे.

फील्डवाली

वहीदादांनी नेमकं सांगितलं. त्यात एवढंच घालते : आधी 'दृष्टिकोन' म्हणजे तुझ्या लेखी काय ते कागदावर लिही. सोय, किंमत, मालाच्या ताजेपणावरचा भरवसा, डिलिव्हरी करणाऱ्या मुलांच्या जिवाची काळजी, कोपऱ्यावरच्या वाण्याचं नुकसान होतंय ही टोचणी, या सगळ्या बाजू त्यात येतात. प्रत्येक बाजूला तीन-चार विधानं कर आणि अल्फा प्रत्येक बाजूचा वेगळा काढ. सगळ्यांना एका पोत्यात भरून आलेला ०.९१ दाखवू नकोस. गाइड सरांना हे समजावून सांगितलंस तर ते नाही म्हणणार नाहीत.

शिवारफेरी

मी बियाणं-औषधांच्या विक्रीत आहे, मराठवाडा-विदर्भ फिरतो. माझा अनुभव असा की लोक काय म्हणतात आणि काय करतात, यात फार अंतर असतं. 'पुढच्या हंगामात हे वाण घ्याल का?' असं विचारलं की निम्म्याहून जास्त शेतकरी 'घेऊ की' म्हणतात. जूनमध्ये दुकानावर गेलं की उधारी कोण देतंय आणि शेजाऱ्याने काय पेरलंय, यावर सगळं ठरतं. मग वृत्ती मोजून उपयोग काय?

फील्डवाली

हा प्रश्न संशोधकांनाही जुनाच आहे. रिचर्ड लापिएर नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९३० च्या सुमारास एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरले. तेव्हा तिथे चिनी लोकांविरुद्ध उघड द्वेष होता. हॉटेलं आणि खानावळी मिळून २५१ ठिकाणी ते गेले, नकार फक्त एका ठिकाणी मिळाला. मग काही महिन्यांनी त्याच ठिकाणांना पत्राने विचारलं, 'तुम्ही चिनी पाहुणे घ्याल का?' १२८ ठिकाणांहून उत्तरं आली आणि त्यातली ९० टक्क्यांहून जास्त 'नाही' होती. १९३४ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

यावरून 'प्रश्नावली खोटी' असं म्हणणं मला पटत नाही. पत्रातला प्रश्न एका अमूर्त जमातीबद्दल होता आणि दारात उभं होतं ते एक नीटनेटकं, हसतमुख जोडपं, सोबत गोरा प्राध्यापक. शिवाय पत्राला उत्तर देणारा आणि गल्ल्यावर बसलेला माणूस एकच होता याची खात्री नाही. प्रश्न जितका मोघम, तितका तो प्रत्यक्ष कृतीपासून लांब जातो. 'हे वाण घ्याल का' याऐवजी 'गेल्या जूनमध्ये बियाणं कुठून घेतलं, रोख की उधार, दुकानदाराने दुसरं सुचवलं तेव्हा काय केलं' असं विचारून पाहा. झालेली गोष्ट माणूस बऱ्यापैकी खरी सांगतो. पुढची गोष्ट तो आपल्याला बरं वाटावं म्हणून सांगतो.

शिवारफेरी

हे पटलं. दुकानदाराने सुचवलं तेव्हा काय केलं, हा प्रश्न आमच्या फॉर्मात कधीच नसतो, आणि सगळी मेख तिथेच असते.

राइनकाठचा

जर्मनीतून लिहितोय. इथे झालेला एक प्रयोग या धाग्यात हवाच. नॉर्बर्ट श्वार्झ आणि सहकाऱ्यांनी जर्मन प्रौढांना विचारलं, 'आयुष्यात तुम्ही किती यशस्वी झालात?' दोन्ही गटांना अकरा पायऱ्या. एका गटाला ० ते १०, दुसऱ्याला −५ ते +५. प्रश्न तोच, टोकांची वर्णनंही तीच. पहिल्या गटात ३४ टक्के लोकांनी ० ते ५ मधला आकडा निवडला. दुसऱ्या गटात −५ ते ० मधला आकडा निवडणारे फक्त १३ टक्के. हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालं.

० ते १० मध्ये शून्य म्हणजे 'यश फारसं नाही' असं लोक समजतात. −५ पाहिलं की 'अपयश' असा अर्थ लागतो आणि स्वतःला अपयशी म्हणवून घ्यायला कोणी तयार नसतं. म्हणजे पायऱ्यांवरचे आकडेसुद्धा प्रश्नाचा भाग आहेत, उत्तर देणारा तेही वाचतो. गेल्या वर्षी ० ते १० आणि यंदा −५ ते +५ वापरून 'ग्राहकांचं मत सुधारलं' असं कुणी म्हणत असेल तर ते तिथेच थांबवावं.

शब्दांचंही तसंच. १९४० च्या सुमारास अमेरिकेत डोनाल्ड रग यांनी लोकशाहीविरोधी भाषणांबद्दल दोन प्रकारे विचारलं. 'परवानगी द्यावी का?' याला हो म्हणणारे २१ टक्के. 'बंदी घालावी का?' याला नाही म्हणणारे ३९ टक्के. तर्काने पाहिलं तर दोन्ही एकच, पण 'बंदी' हा शब्द तोंडातून काढायला लोक कचरतात.

शोरूममधून

मी गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सल्लागार आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. गाडी परत देताना ग्राहकाला मला हात जोडून सांगावं लागतं, 'सर, कंपनीचा फोन येईल, दहाच द्या हं. नऊ दिले तरी माझे कापतात.' ग्राहक म्हणतो, 'अरे, नऊ म्हणजे उत्तमच की!' शाळेत नव्वद टक्के मिळवणाऱ्याला नापास म्हणत नाहीत, त्यामुळे लोकांना हे कळतच नाही. गेल्या महिन्यात एका काकांनी कौतुकाने आठ दिले. 'दहा कुणालाच देत नसतो मी, सुधारायला जागा पाहिजे' म्हणाले. माझा महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला. हे मोजमाप कुणी काढलं आणि त्यात आमचा काय दोष?

फील्डवाली

तुमचा काहीही दोष नाही, आणि तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे.

याला नेट प्रमोटर स्कोअर म्हणतात. फ्रेड राइकहेल्ड यांनी २००३ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये तो मांडला. 'तुम्ही आमचं नाव मित्राला किंवा सहकाऱ्याला सुचवाल का?' याला ० ते १० मध्ये उत्तर. ९-१० म्हणजे प्रमोटर, ७-८ मधले, ० ते ६ विरोधक. म्हणजे नऊलाही कापणं या पद्धतीत नाही, ते तुमच्याकडचं. प्रमोटरच्या टक्क्यांतून विरोधकांचे टक्के वजा करायचे. काकांचा ८ यात ना इकडे ना तिकडे, आणि कौतुक म्हणून दिलेला ६ थेट तक्रारीत जमा.

वहीदादांच्या दोन शाखा इथेही लागू होतात. २० टक्के प्रमोटर, ८० टक्के मधले, विरोधक एकही नाही : स्कोअर २०. साठ टक्के प्रमोटर, चाळीस टक्के विरोधक : स्कोअर २०च.

पण गणितापेक्षा मला जास्त लागतं ते हे की मापावर माणसाचा पगार टांगला की ते माप उरत नाही. एखाद्या ग्राहकाला गाडीचा आवाज अजून येतोय, पण समोरच्या मुलाची दया येऊन तो दहा देतो. कंपनीला आवाजाबद्दल कधीच कळत नाही. मुलाला हात जोडावे लागतात ते वेगळंच. स्कोअर ठेवायचाच असेल तर तो सेंटरच्या सुधारणेसाठी ठेवा, त्यासोबत 'काय दुरुस्त करायचं राहिलं?' हा मोकळा प्रश्न विचारा, आणि एकट्या सल्लागाराच्या पगारातून तो काढून टाका. मी ज्या ज्या कंपन्यांना सल्ला देते त्यांना हे लेखी सांगते.

निवृत्त_सांख्यिकी

सरकारी पाहणीत नोकरी गेली, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. खासगी कंपनीच्या प्रश्नावलीत चूक झाली तर पैसे बुडतात. देशाच्या प्रश्नावलीत झाली तर गरिबांची संख्या बदलते, आणि ते आपल्याकडे प्रत्यक्ष घडलं आहे.

राष्ट्रीय नमुना पाहणीत कुटुंबाचा खर्च विचारताना 'गेल्या ३० दिवसांत किती' असं विचारायची जुनी रीत होती. महिन्यापूर्वी किती शेंगदाणे आणले हे कुणाला आठवणार? म्हणून १९९० च्या दशकात ५१ ते ५४ या फेऱ्यांमध्ये प्रयोग केला गेला. काही घरांना ३० दिवसांचा प्रश्न, काहींना खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठी ७ दिवसांचा. ७ दिवसांच्या घरांत अन्नावरचा खर्च सुमारे ३० टक्क्यांनी जास्त निघाला, आणि त्यावर गरिबी मोजली तर ती जवळपास निम्मी भरत होती. लोकांच्या ताटात काहीच बदललं नव्हतं, बदलला होता तो फक्त आठवायचा कालावधी.

मग १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत एकाच पानावर ७ दिवस आणि ३० दिवस असे दोन रकाने शेजारी शेजारी छापले. माणूस पहिल्या रकान्यात एक आकडा सांगतो आणि दुसऱ्यात त्याला जुळेल असा सांगतो. दोन्ही उत्तरं एकमेकांकडे ओढली गेली. १९९३-९४ मध्ये ३६ टक्के असलेली गरिबी त्या फेरीत २६ टक्क्यांवर आलेली दिसली. त्यातली खरी घट किती आणि रकान्यांची करामत किती, यावर अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडले. अँगस डीटन यांनी त्या आकड्यांच्या दुरुस्तीवर बरंच काम केलं आहे. २०२२-२३ च्या पाहणीत अन्न, रोजच्या वापराच्या वस्तू-सेवा आणि टिकाऊ वस्तू यांच्या वेगळ्या प्रश्नावल्या करून एकाच घरी तीन वेळा जाण्याची पद्धत आणली. पद्धत बदलल्यावर जुन्या आकड्यांशी सरळ तुलना करता येत नाही, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही.

गणिताची_वही

निवृत्त काका, हे वाचून थक्क झालो. त्याच सुराने बाजार संशोधनातलंही एक सांगतो. मार्केट रिसर्च सोसायटी ऑफ इंडियाने २०११ मध्ये घरांचं नवं वर्गीकरण आणलं, ए१ ते ई३ असे बारा वर्ग. घरातला मुख्य कमावता किती शिकलाय आणि ११ गोष्टींपैकी किती घरात आहेत, यावर वर्ग ठरतो. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक, कार, एसी आणि शेतजमीन. उत्पन्न विचारतच नाहीत, कारण उत्पन्न कुणी खरं सांगत नाही. ही युक्ती मला फार आवडते. पण हेही ऑर्डिनल. ए१ आणि ए२ मधलं अंतर डी१ आणि डी२ मधल्या अंतराइतकंच आहे असं समजून त्याचं रिग्रेशन (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज काढणारं गणित) चालवणारे पाहिलेत.

शिवारफेरी

शेतजमीन यादीत 'आहे/नाही' एवढीच असते. खडकाळ दोन एकर आणि बागायती वीस एकर सारखेच?

गणिताची_वही

तिथे सारखेच धरतात. गावात वापरताना ही मर्यादा लक्षात ठेवायलाच हवी.

राइनकाठचा

न्यू कोकचं उदाहरण कुणी दिलं नाही म्हणून देतो. पेप्सीशी स्पर्धा होती, म्हणून कोका-कोलाने सुमारे दोन लाख लोकांना चव देऊन पाहिली. नव्या चवीला लोकांची पसंती मिळाली. २३ एप्रिल १९८५ ला नवं पेय आलं आणि जुनं बंद झालं. लोक एवढे भडकले की ७९ दिवसांनी, ११ जुलैला, जुनं परत आणावं लागलं. नमुना प्रचंड होता, कुठलं पेय कुठलं हे न सांगता चाचणी केलेली होती. पण 'ही चव आवडली का?' हा एक प्रश्न झाला आणि 'तुमचं नेहमीचं पेय आम्ही कायमचं काढून घेतलं तर?' हा दुसरा. निर्णय दुसऱ्या प्रश्नाचा होता, मोजला गेला पहिला.

फील्डवाली

अगदी. म्हणून मी प्रश्नावली हातात घेतली की आधी विचारते, 'या उत्तरावरून तुम्ही काय करणार?' ज्या प्रश्नाच्या उत्तराने काहीच बदलणार नाही तो काढून टाकते. तीस प्रश्नांचे बारा होतात.

आणि खरी परीक्षा पायलटमध्ये. शंभर फॉर्म पाठवण्याआधी चार-पाच जणांसमोर बसा आणि प्रश्न वाचून दाखवल्यावर विचारा, 'तुम्हाला यातून काय समजलं?' आमच्या एका पाहणीत किराणा दुकानदारांना 'तुम्ही नियमितपणे डिजिटल व्यवहार करता का?' असा प्रश्न होता. सदाशिव पेठेतल्या एका दुकानात काउंटरवर क्यूआर कोडचा स्टँड, तो बोलका डबा दर मिनिटाला 'पैसे प्राप्त झाले' म्हणतोय, आणि दुकानदार ठामपणे म्हणाले, 'नाही.' का म्हणून विचारलं तर म्हणाले, 'मी कुठे करतो? गिऱ्हाईक करतं. मी घाऊक बाजारात रोखच देतो.' त्यांचं उत्तर बरोबर होतं, प्रश्न चुकीचा होता. आम्ही तो दोन प्रश्नांत फोडला : काल गल्ल्यात आलेल्यापैकी साधारण किती पैसे क्यूआरवर आले, आणि मागच्या खेपेचा माल घेताना पैसे कसे दिले. 'नियमितपणे' हा शब्द तर काढूनच टाकला.

टीवाय_बीएमएस

ताई, माझ्या फॉर्ममध्ये पण आहे : 'तुम्ही क्विक कॉमर्स किती वेळा वापरता? नेहमी / बऱ्याचदा / कधीकधी / क्वचित.' आता कळलं. निवृत्त काकांचं वाचून 'गेल्या ७ दिवसांत किती ऑर्डर केल्या' असं करू का?

निवृत्त_सांख्यिकी

बाळ, करायला हरकत नाही, पण तुझ्याकडे आमच्यापेक्षा चांगलं साधन आहे. आम्हाला आठवणीवर अवलंबून राहावं लागायचं. तुझ्या उत्तरदात्याच्या मोबाइलमध्ये ऑर्डरची सगळी यादी तारखेसकट असते. त्याला म्हणायचं, ॲप उघडा आणि गेल्या ३० दिवसांतल्या ऑर्डर मोजून आकडा सांगा. ती मोजणी रेशोची झाली. वृत्तीची विधानं त्याच्या आधी विचार. स्वतःच्या तीस ऑर्डर पाहिल्यावर 'मला याची गरज वाटत नाही' असं कोणी म्हणणार नाही.

फील्डवाली

काकांच्या सल्ल्याला एक जोड. यादी त्याने स्वतः पाहावी आणि फक्त आकडा भरावा. स्क्रीनशॉट मागू नकोस, त्यात पत्ता असतो, औषधं असतात, घरातलं बरंच काही असतं. फॉर्मच्या सुरुवातीलाच लिही की नाव आणि नंबर घेतला जाणार नाही, आणि मग खरंच घेऊ नकोस. गूगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करायची सेटिंग चालू राहिलीय का, तेवढं पाठवण्याआधी तपास. उत्पन्नाचा प्रश्न शेवटी ने, आणि 'सांगू इच्छित नाही' हा पर्याय ठेव.

नवा मसुदा झाला की याच धाग्यावर टाक. आधी होस्टेलमधल्या पाच जणांना समोर बसवून भरून घे, आणि ते कुठल्या प्रश्नावर अडखळले तेही लिही.